नाद



बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. सांगलीच्या नणंदेचा तर काळजीनं फोन आला, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. मी एका गाडीत म्युझिक सिस्टीम बसवून घेत होते. म्हणजे बसवून घेत होता माझा नातू, पण त्या खटाटोपात माझे सहा महिने गेले. आणि शेवटी जे काही बसवलं गेलं ते गाडीत थोडं आणि माझ्या कानात थोडं! तेच सांगायचं आहे.

तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. "खालील शब्दांचे दोन अर्थ द्या" या प्रश्नात 'नाद' हा माझा ठरलेला शब्द. एक अर्थ ध्वनी, दुसरा छंद किंवा वेड. दुसरा अर्थ कोल्हापूरच्या मुलांना कधी शिकवावा लागला नाही. इथे कुणाला कबुतरांचा नाद, कुणाला कुस्तीचा, कुणाला फुटबॉलचा. गाड्यांचा नाद तर राजवाड्यापासून उद्यमनगरापर्यंत सगळ्यांना. दसऱ्याला राजाराम महाराजांच्या काळातली ती लांबलचक मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटायला आलेली निम्मी गर्दी गाडी बघायला आलेली असते.

आमच्या ह्यांना हाच नाद होता. शिवाजी उद्यमनगरात एका फाउंड्रीत ह्यांची उभी नोकरी गेली. ओतकामाच्या भट्टीशेजारी दिवस काढायचा आणि संध्याकाळी चहा पिताना इंजिनांविषयी बोलायचं. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, हे गोव्याला गेले. २००७ साल होतं. दोन दिवसांनी परत आले ते लाल रंगाची, दोन माणसांची, बुटकी, उघड्या टपाची गाडी घेऊन. आमच्या गल्लीतली सगळी पोरं मागून धावत होती. मी दारात उभी. मला वाटलं, कुणाची तरी गाडी दाखवायला आणली असेल.

ती सॅन स्टॉर्म. नव्या पिढीला नाव माहीत नसेल. सॅन मोटर्स या कंपनीनं १९९०च्या दशकाच्या अखेरीस ही गाडी आणली, आणि ती आपल्या शेजारी गोव्यात बनायची. आराखडा फ्रान्समध्ये झालेला, इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. युरोपात हेच इंजिन क्लिओ आणि ट्विंगो या साध्या घरगुती गाड्यांत असायचं. अंग पत्र्याचं नाही, फायबरचं. स्पोर्ट्स कार म्हणजे परदेशातल्या श्रीमंतांची चैन, अशा काळात ती भारतात तयार झाली याचं ह्यांना कोण अप्रूप! फार काळ ती बनली नाही आणि फार खपलीही नाही. पण "आपल्याकडं झाली," हे वाक्य हे असं म्हणत, जणू भट्टी ह्यांनीच पेटवली होती.

मला ती गाडी आवडली नाही. खरं ते लिहिते. एक तर बसायला खाली वाकावं लागे, साडीचा बोळा होई. आणि दुसरं म्हणजे आवाज. टप उघडा असला की वारा कानात घोंगावतो, टायर वाजतात, शेजारून ट्रक गेला की जीव दचकतो. कुठलीही उघडी गाडी अशीच असणार म्हणा. पण त्यात ह्यांना बोलायची हौस. एरवी घरात माणूस चार शब्द बोलणार नाही, पण स्टिअरिंग हातात आलं की गप्पा सुरू. मला काही कळायचं नाही. मी म्हणायची, "काय?" हे पुन्हा सांगायचे. मी पुन्हा "काय?" मग हे हात हलवून म्हणायचे, "काही नाही."

"काय?" आणि "काही नाही." आमच्या त्या गाडीतल्या संसाराचा सारांश हा एवढाच. हळूहळू मी सोबत जाणं सोडलं. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं, पाहुण्यांचं सांगितलं. हे रविवारी सकाळी एकटेच पन्हाळ्याकडे जाऊन नऊच्या आत परत यायचे.

२०१९ साली हे गेले. गाडीवर कव्हर पडलं. मुलानं कागदपत्रं चोख ठेवली, पण चालवली कुणीच नाही. कव्हरवर पारिजातकाचा सडा पडायचा, तो मी रोज झाडायची.

२०२४च्या दिवाळीत नातू पुण्याहून आला. इंजिनिअर आहे, वय तेवीस. कव्हर काढून तासभर गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "आज्जी, मी ही चालू करणार. आणि हिला साऊंड करणार."

चालू करण्याची कथा मी आवरते. उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी ती जबाबदारी घेतली. नवी बॅटरी, पेट्रोलच्या टाकीची सफाई, नळ्या, टायर, ब्रेक. कंपनी आता गाड्या करत नाही, त्यामुळे जे मिळेना ते मेस्त्रींनी बनवून घेतलं. कोल्हापुरात "मिळत नाही" हे वाक्य मेस्त्रींच्या तोंडी शोभत नाही. मार्चमध्ये इंजिन सुरू झालं. मी स्वयंपाकघरात होते. तो आवाज ऐकून हातातलं भांडं तसंच राहिलं, एवढंच सांगते.

मग आला साऊंड. हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा. कारण आमच्याकडे साऊंड म्हणजे डॉल्बी! बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. कोल्हापुरात गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी करतात, तिला डॉल्बी म्हणतात. ती वाजायला लागली की खिडकीच्या काचा थरथरतात आणि छातीत धडधडतं. कायद्यानं राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण त्या रात्री हे आकडे कागदावरच असतात. मी नातवाला बजावलं, "तुझ्या आजोबांच्या गाडीत डॉल्बी बसवलीस तर याद राख."

तो हसायला लागला. म्हणाला, "आज्जी, डॉल्बी म्हणजे काय माहीत आहे का तुला?" आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी चाटच पडले. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९६५ साली आपली कंपनी काढली ती आवाज वाढवण्यासाठी नव्हे, तर खरखर कमी करण्यासाठी! टेपवर मुळातच एक बारीक 'स्स्स' असतो. डॉल्बींनी काय केलं, तर ध्वनिमुद्रण करताना वरच्या पट्टीतले नाजूक आवाज मुद्दाम थोडे उचलून टेपवर घातले, आणि ऐकताना तेवढेच खाली आणले. खाली आणताना टेपची खरखरही त्यांच्याबरोबर खाली बसते. गाणं मूळचं राहतं, कचरा कमी होतो. आपल्या जुन्या डेकवर डॉल्बीचं छोटं बटण असायचं, ते याच्यासाठी. गाडीतल्या ह्यांच्या कॅसेट डेकवरही ते होतं. मी इतकी वर्षं समजत होते की ते दाबलं की आवाज मोठा होतो!

ज्या माणसानं गोंगाट कमी करण्यासाठी कंपनी काढली, त्याचं नाव आपण गोंगाटालाच दिलं. असो.

नातवानं ज्याच्याकडे गाडी दिली तो साऊंडवाला तिशीतला, बोलायला अघळपघळ. आमच्याच अंगणात काम करायचं ठरलं, कारण गाडी रस्त्यावर सोडायला माझा जीव होईना. मी खुर्ची टाकून बसले. (पर्यवेक्षणाची सवय जात नाही.) पहिल्या दिवशी त्यानं जुना डेक काढला, दारांचे आतले पॅनेल काढले, चार इंचांचे जुने स्पीकर काढले. कागद कुजून जाळी झालेले. डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक खिशातली डायरी निघाली, ह्यांच्या अक्षरातली. ती मी पदराखाली घेतली, वाचली नाही.

मला वाटलं, आता नवे स्पीकर लागतील. तर दोन दिवस स्पीकरचं नावच नाही! त्यानं दाराच्या फायबरवर बोटानं टकटक केलं. डबड्यासारखा आवाज आला. "काकू, हे ऐकलं? ह्यात स्पीकर लावला तर स्पीकरपेक्षा दारच जास्त वाजंल." मग त्यानं काळ्या चिकट रबराचे, वरून चांदीसारखा कागद असलेले तुकडे आतून चिकटवायला सुरुवात केली. रोळ्यानं दाबून, कोपरान् कोपरा. पुन्हा टकटक केलं, तर आवाज लाकडावर मारल्यासारखा ठस्स. दार, फरशी, सीटमागची भिंत, सगळीकडे तेच. त्यावर फोमचा थर.

"मोठा ॲम्प्लिफायर लावला असता तर एवढं करायला नको होतं ना?" मी विचारलं.

तर त्या मुलानं मला शिकवलं. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर शक्ती जवळजवळ दहापट लागते. म्हणजे गोंगाटावर मात करायला पैसे ओतत बसायचं, आणि शेवटी उरतो तो गोंगाटच. त्यापेक्षा आधी गाडी गप्प करा, मग साधा स्पीकरही गातो. पूर्वी टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर हजार वॅट पीएमपीओ असं छापायचे, ते आकडे क्षणभराच्या धक्क्याचे. सतत किती शक्ती मिळते ते आरएमएस वॅटमध्ये बघायचं. आमच्या गाडीला दर स्पीकरला ५० आरएमएस वॅट पुरेसे झाले.

हे मला लगेच पटलं, कारण वर्गाचंही असंच असतं. नवीन शिक्षक ओरडतो, वर्ग त्याच्यावर ओरडतो. मुरलेला शिक्षक फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ गप्प उभा राहतो, वर्ग शांत होतो, मग तो हळू बोलतो आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं. निदान मला तरी तसं वाटायचं. त्या शेवटच्या बाकाबद्दल पुढे येतेच.

तिसऱ्या दिवशी वायरी आल्या. फायबरच्या गाडीची एक गंमत कळली. पत्र्याच्या गाडीत अर्थ घ्यायचा तर वायर जवळच्या पत्र्याला आवळली की झालं, कारण सगळं अंगच लोखंडाचं. फायबरमधून वीज जात नाही. त्यामुळे प्रत्येक अर्थ वेगळी वायर टाकून खालच्या सांगाड्याच्या लोखंडापर्यंत न्यावी लागते, तिथला रंग खरवडून नटबोल्टनं घट्ट करावी लागते. पत्र्याचं अंग बाहेरच्या विद्युत गडबडीला थोडंफार अडवतं, तीही सोय इथे नाही. बॅटरीची जाड वायर गाडीच्या एका बाजूनं, गाण्याची बारीक वायर दुसऱ्या बाजूनं. दोन्ही शेजारी टाकल्या तर वीज गाण्यात घुसते. बॅटरीला लागूनच फ्यूज, म्हणजे वायर कुठे घासली तर आधी फ्यूज जाईल, गाडी पेटणार नाही. मुलगा हे सगळं करत होता आणि मला राहून राहून वाटत होतं, हे असते तर शेजारी उकिडवे बसले असते.

दारात साडेसहा इंचांचे स्पीकर, आरशाजवळच्या कोपऱ्यात छोटे ट्विटर, डाव्या सीटखाली चपटा सबवूफर. दोन माणसांची गाडी, मागे जागा कुठली! संध्याकाळी सगळं जोडून झालं. इंजिन सुरू केलं, गाणं लावलं आणि दोघांचेही चेहरे पडले. इंजिनबरोबर एक बारीक शिट्टी येत होती म्हणे. रेस वाढवली की ती वर चढते, कमी केली की उतरते. अल्टरनेटरचा आवाज अर्थच्या वायरीतून स्पीकरमध्ये येतो, हे जुनंच दुखणं.

त्यानं एक वायर सोडवून दुसरीकडे आवळली. रेस दिली. मला विचारलं, "काकू, गेला का आवाज?"

मी कान देऊन ऐकलं. काहीच नव्हतं. "गेला की!" मी म्हणाले.

साऊंडवाल्यानं नातवाकडे बघितलं. नातवानं माझ्याकडे. शिट्टी जशीच्या तशी वाजत होती. त्यांना दोघांना कानठळ्या बसत होत्या आणि मी म्हणत होते, गेला की! मी पुन्हा कान लावला. पाण्याखाली बसल्यासारखी शांतता. इंजिनची घरघर मला स्वच्छ ऐकू येत होती. शिट्टी मुळात कधी ऐकूच आली नव्हती.

साऊंडवाल्यानं तासाभरात ती काढली. पण नातू त्या रात्री जेवताना गप्प होता. शेवटी म्हणाला, "आज्जी, टीव्ही तू किती मोठा लावतेस माहीत आहे का?" मला राग आला. मी म्हणाले, मला सगळं ऐकू येतं, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

जूनमध्ये मी तपासणीला गेले. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. परीक्षेला बसल्यासारखी मी इमानदारीनं बटण दाबत होते आणि शेवटी शेवटी तर बराच वेळ दाबायला काही मिळेचना. आलेख हातात दिला. डावीकडून बऱ्यापैकी सरळ निघालेली रेघ उजवीकडे घाट उतरावा तशी खाली. ५०० हर्ट्‌झला जवळपास ठीक, २००० ला ४५ डेसिबल, ४००० ला ६५. वयाबरोबर कानाच्या आतल्या शंखातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी मरतात, आधी वरच्या पट्टीच्या. त्या पुन्हा येत नाहीत.

ऑडिओलॉजिस्ट बाई वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी समजावलं. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले, जोरकस. ते तुम्हाला येतात, म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं. पण स, श, ख, थ, फ यांतली जी हवेची सळसळ असते ती वरच्या पट्टीतली आणि नाजूक. ती जाते. म्हणून "सात" की "हात", "खरं" की "घरं" याचा घोटाळा. त्यात मागे वारा किंवा पंखा असेल तर जे थोडं येत असतं तेही बुडतं.

श, ष, स हे उष्मे. मी शेकडो मुलांकडून घोकून घेतलेले. तेच मला न सांगता सोडून गेले.

"हे कधीपासून असेल?" मी विचारलं.

"एका दिवसात होत नाही. दहा-पंधरा वर्षं तरी हळूहळू."

मी रिक्षानं घरी आले. हिशोब मनात आपोआप होत होता. २०२५ वजा पंधरा, २०१०.

त्या रात्री मी ती डायरी उघडली. ओतकामातला माणूस, प्रत्येक गोष्टीची नोंद. तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, कुठे गेलो. आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द. "दोघे" किंवा "एकटा". मी मोजले. पहिल्या तीन वर्षांत "दोघे" एकतीस वेळा. मग विरळ होत गेले. शेवटचं "दोघे" ऑगस्ट २०१२चं, आंबोली. त्यापुढे पानंच्या पानं "एकटा". तक्रार कुठेही नाही. पेट्रोलच्या आकड्याशेजारी तो आणखी एक आकडा असावा तसा.

आंबोलीचा तो दिवस मला आठवतो. पाऊस थांबला होता, धुकं होतं, ह्यांनी हट्टानं टप उघडला होता. घाटाच्या वळणावर हे काहीतरी म्हणाले. मी म्हणाले, "काय?" हे पुन्हा म्हणाले. मी चिडून म्हणाले, "तुमच्या ह्या गाडीत काही म्हणजे काही ऐकू येत नाही!" हे हसले आणि म्हणाले, "काही नाही."

गाडीत आवाज होता हे खरंच. पण सगळा दोष गाडीचा नव्हता. मी मात्र तेरा वर्षं तो गाडीच्या खात्यावर मांडला. आणि ह्यांच्याही.

मग झोप येईना तेव्हा आणखी एक आठवलं. सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. शुद्धलेखन घालताना प्रत्येक वाक्याला "काय बाई?" म्हणायचा. मी त्याला लक्ष नसल्याबद्दल किती वेळा उभं केलं असेल! त्याला कमी ऐकू येत होतं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. दोन बाक पुढे बसवून बघितलं असतं तर कळलं असतं. एवढंसं काम.

असो. गाडीकडे येते.

शेवटचं काम ट्यूनिंगचं. उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला उजवा स्पीकर जवळ, डावा लांब. जवळच्याचा आवाज आधी पोचतो आणि गाणं एका बाजूला झुकतं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणून जवळच्या स्पीकरला एखाद-दीड मिलिसेकंद थांबवून ठेवायचं. मग दोन्हीकडून आवाज एकदम येतो आणि गाणारा माणूस समोर काचेपाशी बसलाय असं वाटतं. पण हे एकाच सीटसाठी जमतं. एकाला नीट बसवलं की दुसऱ्याला ते थोडं बिघडतं. साऊंडवाला लॅपटॉप घेऊन उजवीकडे बसायला निघाला. "ड्रायव्हरच्याच हिशोबानं करतात सगळी."

नातू म्हणाला, "नाही. डावीकडच्या सीटच्या हिशोबानं करा."

"मग तुम्हाला तेवढं भारी लागणार न्हाई."

"चालेल."

मी काही बोलले नाही. आत जाऊन चहा टाकला.

त्या रात्री नातवानं मला डावीकडे बसवलं. कानातली यंत्रं अजून यायची होती. त्यानं आधी एक नवं सिनेमातलं गाणं लावलं. ठेका छातीत लागला, पण शब्द निम्मे कुठे गेले कोण जाणे. मग त्यानं माझ्यासाठी केसरबाई केरकर लावल्या. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे त्या शिष्या झाल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या, ज्यांना शाहू महाराजांनी दरबारात आश्रय दिला होता. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवर पृथ्वीचे आवाज म्हणून जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यात भारतातून गेली ती केसरबाईंची भैरवी. यानं निघाली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि केसरबाई गेल्या त्याच सप्टेंबरात.

मंडळी, काय सांगू! आवाज समोर काचेपाशी उभा राहिला. एकही जागा कमी नाही. मला वाटलं होतं, आता गाणंही मला अर्धंच मिळणार. मी नातवाकडे बघितलं, तर तो नाक मुरडत म्हणाला, "आज्जी, रेकॉर्डिंगला खूप खरखर आहे गं."

"मला नाही येत बाबा," मी म्हणाले.

आधी दोघंही थांबलो आणि मग इतके हसलो की शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या. त्यानं मग कारण सांगितलं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत फार वरच्या पट्टीचं काही नीट उतरतच नसे. जे त्या तबकडीत नाही, त्यातलंच बरंचसं माझ्या कानात नाही. हिशोब जवळपास बरोबर. केसरबाई माझ्यासाठी होत्या तशाच आहेत.

जुलैत यंत्रं आली. गाडीच्या साऊंडपेक्षा महाग, हेही सांगून ठेवते. पहिले पंधरा दिवस जीव नकोसा झाला. वर्तमानपत्राची घडी केली तर पत्रा फाडल्यासारखं वाटे, नळ बंद असूनही कुठेतरी थेंब पडत असतो हे कळे. यंत्रं बोलण्यासाठी बनलेली, गाण्याला ती जरा लुडबुड करतात. म्हणून बाईंनी गाण्यासाठी वेगळी सोय करून दिली. गेलेलं परत आलेलं नाही. पण फोडणीत मोहरी तडतडते हे मला पुन्हा ऐकू येतं. आणि तुम्हा सगळ्यांना मोठ्या बहिणीच्या अधिकारानं सांगते, साठीनंतर चष्म्याचा नंबर बघतो तसे कान तपासून घ्या. आणि शेजारचा माणूस "काही नाही" म्हणाला तर सोडून देऊ नका. पुन्हा विचारा.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही पन्हाळ्याला गेलो. सकाळी लवकर, टप उघडा, माझ्या डोक्याला घट्ट स्कार्फ. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला. (हे ऐकून नणंदबाई बेशुद्ध पडतील!) रस्त्याकडेला ऊस तुऱ्यावर आलेला, गुऱ्हाळाचा वास. केसरबाई गात होत्या. वाघबीळ सोडून घाट चढायला लागलो तेव्हा वारा वाढला आणि नातू काहीतरी म्हणाला.

"काय?" मी म्हणाले.

त्यानं हात पुढे करून आवाज पार कमी केला, गाडी कडेला घेतली, माझ्याकडे तोंड केलं आणि सावकाश पुन्हा म्हणाला,

"वर गेल्यावर झुणका-भाकरी खायची का?"

"खायची की," मी म्हणाले. "कांदा फोडून."